आधी 'बाय' आणि 'टिल'; 'ए' आणि 'द' मागाहून

प्रश्न असा आला आहे: "मी बी.कॉम., शाळा पूर्ण मराठी माध्यमाची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्या एका युनिटच्या ऑफिसात दीड वर्षापासून आहे. परदेशी बायरना मेल लिहायचं काम माझ्याकडे आलंय. सहा महिने रोज अर्धा तास अ‍ॅपवर बिझनेस इंग्लिशच्या ग्रामरचा सराव करते, दहात आठ-नऊ उत्तरं बरोबर येतात. पण मेल लिहायला बसलं की एकेका मेलला चाळीस मिनिटं जातात, आणि तरी आमचे साहेब ती पुन्हा लिहून घेतात. व्याकरण, शब्द आणि ऑफिसचं लिखाण यांचा सराव नेमका कसा करू? पुण्याचा ऑनलाइन कोर्स लावू का?"

कोर्सचं शेवटी बोलू. आधी तुमच्या आठ-नऊ मार्कांचं.

मी बावीस वर्षं सोलापुरातच टॉवेल एक्स्पोर्टची कागदपत्रं आणि पत्रव्यवहार सांभाळला. आता संध्याकाळी तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्यांची बॅच घेतो. माझीही शाळा मराठीच, त्यामुळे तुमची चाळीस मिनिटं कुठं जातात ते मला चांगलं ठाऊक आहे. अ‍ॅपवर वाक्य दुसऱ्यानं रचलेलं असतं आणि तुम्ही गाळलेली जागा भरता. मेलमध्ये अख्खा कागदच गाळलेला असतो. दुसरं म्हणजे अ‍ॅप सगळ्या चुका एकाच मापानं मोजतं. 'द' चुकलं तर एक मार्क जातो, 'बाय' चुकलं तरी एकच. ऑफिसात असं नसतं हो. 'द' विसरल्यामुळं माल अडकलेला मी बावीस वर्षांत एकदाही पाहिला नाही. 'बाय'पायी अडकलेला पाहिलाय, आणि तो माझाच होता.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. मी बायरला लिहिलं, 'वी विल डिस्पॅच द गुड्स टिल 15 मार्च.' माझ्या मनात होतं, 'पंधरा मार्चपर्यंत माल पाठवतो.' बायरनं वाचलं ते असं, की माल आत्तापासून निघायला लागणार आणि पंधरा तारखेपर्यंत निघत राहणार. दोन मार्चला त्याची विचारणा आली, पहिली खेप कुठं आहे? आमचे टॉवेल तेव्हा लूमवर होते. त्यानं तिकडं दुकानाला तारीख देऊन ठेवली होती. शेवटी थोडा माल विमानानं पाठवावा लागला आणि भाडं आमच्या अंगावर आलं. मालक मला एक शब्द बोलले नाहीत. फक्त एअरवे बिलाची झेरॉक्स माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवून गेले. ती पुढं चार वर्षं तिथंच होती.

आता बघा, ही चूक इंग्रजी कच्चं म्हणून झाली नाही. आपलं 'पर्यंत' दोन कामं करतं म्हणून झाली. 'शुक्रवारपर्यंत पाठवतो' यात काम एकदाच व्हायचंय आणि शुक्रवार ही त्याची मुदत आहे. इंग्रजीत तिथं 'बाय फ्रायडे'. 'शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे' यात तीच स्थिती शुक्रवार येईतो चालू राहते. तिथं 'टिल' किंवा 'अंटिल'. मेल पाठवण्याआधी स्वतःला विचारायचं: हे काम एका क्षणात संपणार आहे की चालू राहणार आहे? संपणार असेल तर 'बाय'.

म्हणून माझा सल्ला असा, की चुका पुस्तकातल्या धड्यांच्या क्रमानं न घेता किमतीच्या क्रमानं घ्या. स्वस्त चुकांची टोपली वेगळी ठेवा: 'ए', 'अ‍ॅन', 'द', 'डिस्कस अबाउट', 'सिन्स टू इयर्स', 'इन्फॉर्मेशन्स', 'आय अ‍ॅम हॅविंग'. या दिसायला वाईट असतात, पण समोरच्याला अर्थ कळतो. सुधारायच्या आहेतच, पण सहा महिन्यांनी. महाग चुका म्हणजे ज्यात वाक्य व्याकरणानं धड दिसतं आणि अर्थ मात्र भलताच पोचतो. त्या बहुतेक आपल्या मराठीतूनच येतात, त्यामुळं मराठी नीट पाहिली की सापडतातही.

'ने' आणि 'वर' घ्या. बायर म्हणाला वजन कमी करा. तुम्ही 500 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 500 ग्रॅम वजनाचा) टॉवेल '50 जीएसएमने' कमी करताय की '450 जीएसएमवर' आणताय? मराठीत कुणी चुकणार नाही. इंग्रजीत मात्र 'रिड्यूस' नंतर बोट थबकतं. 'ने' असेल तिथं 'बाय', 'वर' असेल तिथं 'टू': 'रिड्यूस्ड बाय 50', 'रिड्यूस्ड टू 450'. दराची टक्केवारी लिहिताना हेच. प्रीपोझिशनची यादी पाठ करण्यापेक्षा आपल्या विभक्तीचं बोट धरलं की निम्मी वाट सोपी होते.

मग 'च'. 'माल आजच पाठवला' याचं आपल्याकडं हमखास 'सेंट टुडे ओन्ली' होतं. आपला 'च' इथं जोर देतो, 'ओन्ली' मर्यादा घालतं. परदेशी माणूस गोंधळतो, की फक्त आजच पाठवला, उद्या पाठवणार नाही? नुसतं 'सेंट टुडे' लिहा. जोर द्यायचाच असेल तर वेळ लिहा.

'काल पाठवला आहे' हेही तसंच. आपल्याला 'आहे' जोडायची सवय, म्हणून 'वी हॅव सेंट इट यस्टरडे'. इंग्रजीत ठरावीक वेळ आली की 'हॅव' निघून जातं: 'वी सेंट इट यस्टरडे'. वेळ सांगायची नसेल, फक्त काम झालंय एवढंच कळवायचं असेल, तर 'वी हॅव सेंट इट'. ही खरं तर मधल्या किमतीची चूक. पण दिवसातून दहा वेळा होते म्हणून इथं घेतली.

आणि 'वी'. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. तुमच्या ऑफिसात घरी तेलुगू बोलणारे सहकारी नक्की असतील, त्यांना विचारा, त्यांच्याकडंही 'मेमु' आणि 'मनम' असा तोच फरक आहे. इंग्रजीला एकच 'वी'. 'वी विल बेअर द टेस्टिंग चार्जेस' म्हटल्यावर सगळा खर्च तुमच्या गळ्यात. मनात 'आपण दोघं मिळून' असेल तर तसं फोडून लिहावं लागतं: 'यू अँड वी विल शेअर द चार्जेस इक्वली'. पैशाच्या वाक्यात 'वी' दिसला की थांबायचं.

तारखा आणि आकड्यांचं थोडक्यात. 05/06 हे अमेरिकन माणूस 6 मे वाचतो, आपण 5 जून. महिना अक्षरांत लिहा. लाख-कोटी परदेशी मेलमध्ये नको, आणि स्वल्पविरामही त्यांच्या पद्धतीनं, 2,50,000 ऐवजी 250,000. 'परवा' तर मराठीतच दोन्हीकडं तोंड करून बसलेला असतो, तो मनात आला की थेट तारीख टाका.

हे सगळं फार बारीक वाटत असेल तर बँकेकडं बघा. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी, ही कागदपत्रं अटींप्रमाणे आली तर पैसे देण्याची बायरच्या बँकेची हमी. तिचे व्यवहार ज्या नियमांवर चालतात ते यूसीपी 600, इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे, 1 जुलै 2007 पासून लागू. त्यात चक्क शब्दांचे अर्थ ठरवून दिलेत. एलसीत प्रमाणाच्या आधी 'अबाउट' किंवा 'अ‍ॅप्रॉक्सिमेटली' असेल तर 10 टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे 'अबाउट 1,000 डझन'ला 900 ते 1,100. तो शब्द नसेल तर डझनावर मोजल्या जाणाऱ्या टॉवेलला ही सवलत नाही. तारखेआधी 'ऑन ऑर अबाउट' असेल तर आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस, दोन्ही टोकं धरून. माल चढवायच्या मुदतीत 'टू', 'अंटिल', 'टिल' यांत ती तारीख धरली जाते, 'बिफोर' आणि 'आफ्टर' मध्ये धरली जात नाही. आणि मला सर्वांत आवडलेलं कलम: 'प्रॉम्प्ट', 'इमिजिएटली', 'अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल' असे शब्द एलसीत आले तर बँक ते विचारातच घेत नाही. जगभरच्या बँकांनी ज्या शब्दांना केराची टोपली दाखवली ते आपण प्रत्येक मेलमध्ये घालतो! तुमच्या ऑफिसातली एखादी जुनी एलसी मागून घ्या आणि त्यातली फक्त अव्ययं अधोरेखित करत बसा. ग्रामरचा याहून जिवंत धडा मला माहीत नाही.

आता साहेब तुमची मेल पुन्हा का लिहितात, त्याबद्दल. मेल पाहिलेली नाही, पण पैज लावायला तयार आहे, की तुमची मागणी शेवटच्या ओळीत असते. दोष तुमचा नाही, शाळेतल्या विनंती अर्जाचा आहे. 'मी आपल्या शाळेत इयत्ता अमुकमध्ये शिकत आहे' पासून सुरू करून, सगळी कहाणी सांगून, तळाशी 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती'. ते 'डू द नीडफुल' म्हणजे ह्याच 'योग्य त्या कार्यवाही'चा इंग्रजी भाऊ. एके काळी इंग्रज साहेबांच्या कचेरीत चालायचं, आपल्याकडं मुक्कामाला राहिलं. पण मियामीतल्या किंवा दुबईतल्या बायरला नीडफुल म्हणजे काय ते कळणार कसं? शिपिंग मार्क (पेट्यांवर छापायच्या खुणा) पाठवायचेत, की शेड अप्रूव्ह करायची, की पैसे भरायचे? ते काम नाव घेऊन पहिल्या दोन ओळींत लिहा.

'काइंडली'चं कोडं मात्र गमतीचं आहे. आपण 'पाठवा' म्हणतो तेव्हा त्या 'वा'मध्येच आदर आलेला असतो. 'पाठव' वेगळं, 'पाठवा' वेगळं. इंग्रजीत 'सेंड' एकच. आपल्याला ते उघडंबोडकं वाटतं, म्हणून आपण त्यावर 'काइंडली' घालतो, मग 'प्लीज', मग 'वी रिक्वेस्ट यू टु'. शेंगाचटणीवर वरून पुन्हा तिखट भुरभुरल्यासारखं होतं ते. इंग्रजी आदर दाखवते ती वाक्याला प्रश्न करून: 'कुड यू सेंड अस द शिपिंग मार्क्स बाय 10 ऑक्टोबर?' एवढं पुरतं. तारीख दिली म्हणजे उद्धटपणा होतो ही भीती आधी काढून टाका, उलट तारीख नसली की बायर वैतागतो.

मागच्या वर्षी बॅचमधल्या एकीनं आणलेली मेल सांगतो, तिच्या परवानगीनं. बायरनं निळ्या टॉवेलच्या शेडची तक्रार केली होती. तिचं उत्तर: 'रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टु युवर ट्रेलिंग मेल, वी आर सॉरी फॉर अवर मिस्टेक. द सेम इज बीइंग चेक्ड फ्रॉम अवर साइड अँड वी विल रिव्हर्ट बॅक अ‍ॅट द अर्लिएस्ट. काइंडली को-ऑपरेट.' ग्रामर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं हे जवळजवळ तसंच पास केलं असतं. पण वाचणाऱ्याच्या हातात काय पडलं? तपासताय म्हणे. काय, कोण, कधी, काही नाही. आणि एक जबर नुकसान: तपासण्याआधीच चूक कबूल. मराठीत 'वाईट वाटलं' आणि 'आमची चूक झाली' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, इंग्रजीत दोन्हीकडं 'सॉरी'च येतं. 'वी आर सॉरी टु हिअर धिस' म्हणजे वाईट वाटलं. 'सॉरी फॉर अवर मिस्टेक' म्हणजे लेखी कबुली, तिच्या पाठोपाठ डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची रक्कम तुमच्या नावे टाकणारा कागद, येतो.

आम्ही तासाभरात ती अशी केली: 'वी आर सॉरी टु हिअर अबाउट द शेड प्रॉब्लेम, अँड वी हॅव सीन युवर फोटोज. वी आर चेकिंग द लॉट अगेन्स्ट द शेड यू अप्रूव्ह्ड, अँड विल सेंड यू द रिझल्ट बाय 16 ऑक्टोबर. कुड यू टेल अस हाऊ मेनी पीसेस आर अफेक्टेड, अँड फ्रॉम विच कार्टन्स?' यात एकही अवघड शब्द नाही. तासातली पंचेचाळीस मिनिटं मराठीत बोलण्यात गेली: आपण नक्की काय करणार आहोत, कधी, आणि त्याच्याकडून काय हवंय? तिलाच ते ठाऊक नव्हतं. डाय हाउसला, म्हणजे रंगाई होते तिथं, फोन करून विचारल्यावर तारीख मिळाली. तुमची चाळीस मिनिटंही बहुधा अशीच जातात. इंग्रजी सुचत नाही असं वाटतं, पण अडलेलं असतं ते फोन न केल्यामुळं.

याच 'शेड'वरून आठवलं. आपल्याकडं रंगाचीही शेड आणि लूमचीही शेड. एका मुलानं लिहिलं होतं, 'देअर इज प्रॉब्लेम इन शेड', आणि स्पेलिंग घातलं पत्र्याच्या शेडचं. बायरची उलट मेल आली, फॅक्टरीत काही अपघात झाला का, माणसं सुखरूप आहेत ना? भला माणूस.

शब्दसंग्रहासाठी 'रोज दहा नवे शब्द' हा प्रकार सोडून द्या. तुमच्या कामाला दीडशे-दोनशे शब्द लागतात आणि ते याच इमारतीत आहेत. एक दिवस वही घेऊन लूमवर जा. कामगार ताणा म्हणतात तो 'वॉर्प', बाणा म्हणजे 'वेफ्ट', टॉवेलवरची उभी लूप म्हणजे 'पाइल'. मास्टरला विचारा, कोणकोणत्या खोडीमुळं पीस रिजेक्ट होतो. त्या प्रत्येक खोडीचं इंग्रजी नाव बायरच्या जुन्या इन्स्पेक्शन रिपोर्टात सापडेल. शब्द सुटा लिहू नका, त्याच्या क्रियापदासकट लिहा: ऑर्डर 'प्लेस' करतात, डेबिट नोट 'रेज' करतात, एलसी 'अमेंड' करतात, मुदत 'मीट' करतात. सुटा शब्द पाठ होतो पण वाक्यात बसत नाही. ट्रेड शब्दांचं भाषांतरही जपून. चादर म्हणजे 'बेडशीट' लिहिलं की बायरच्या डोळ्यांसमोर पातळ पांढरी शीट येते. आपली जेकार्डची जाड चादर म्हणजे अगदी वेगळी वस्तू. 'सोलापुरी चादर' हे नाव भौगोलिक निर्देशांकानं नोंदलेलं आहे, ते तसंच ठेवा आणि पुढं एका वाक्यात वर्णन करा.

रोजचा सराव पंचवीस मिनिटांचा, आणि त्याला पुस्तक नको. सेंट फोल्डर उघडा, आठवड्यापूर्वीची स्वतःची एक मेल घ्या. आजची नको, आजची बरोबरच वाटते. वहीच्या डाव्या पानावर तिचा अर्थ मराठीत एका ओळीत लिहा. एका ओळीत मावला नाही तर ती दोन मेल होती. मग उजव्या पानावर मेल पुन्हा लिहा, निम्म्या शब्दांत. वहीच्या मागच्या पानांवर चुकांचं खातं ठेवा, प्रत्येक चुकीचं वेगळं पान, पुढं तारखा. मुनीमजींच्या खातेवहीसारखं. 'बाय-टिल'च्या पानावर महिनाभर नवी तारीख पडली नाही की ते खातं बंद. साधारण पाच-सहा पानांतच सगळा खेळ असतो, माझ्या बॅचमध्ये कुणाची आठाच्या वर गेल्याचं आठवत नाही.

साहेब मेल बदलतात ती बदललेली प्रतही वहीत उतरवा, पण डोळे झाकून नको. त्यांनीच 'रिव्हर्ट बॅक' घातलं असेल तर गप्प बसायचं आणि आपल्या मेलमध्ये 'रिप्लाय' लिहायचं. बायरची वाक्यं उचलतानाही तेच: इटली किंवा कोरियातला बायर तुमच्यासारखाच शिकून लिहितो, त्याचं इंग्रजी प्रमाण मानू नका.

एक सवय मात्र उद्यापासून लावा. बायरशी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फोनवर काही ठरलं की दहा मिनिटांत तीन ओळींची मेल: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. लिखाणाचा सरावही होतो, आणि भांडण झालं तर कागद तुमच्या बाजूनं उभा राहतो.

एआयची साधनं वापरा, मी बॅचला वापरू देतो. पण मेल आधी स्वतः लिहून मग दाखवायची. ते 'द' लावून देईल, स्पेलिंग दुरुस्त करील. तुमच्या मनात 'बाय' होतं की 'टिल', चाचणीचा रिझल्ट 16 ला येणार की 20 ला, हे त्याला कुठून कळणार? उलट ते चुकीची तारीख इतक्या सुरेख इंग्रजीत लिहून देतं, की साहेबही सही करून मोकळे होतात. आणि बायरचं नाव, दर, बँकेचा तपशील त्यात टाकण्याआधी ऑफिसची परवानगी घ्या.

कोर्सचं. आत्ता नको. तीन महिने वही चालवा, मग कोर्सवाल्याला एकच विचारा: माझ्या स्वतःच्या मेल तपासून देणार का? 'आमचं ठरलेलं स्टडी मटेरियल आहे' असं उत्तर आलं तर पैसे वाचवा. सर्टिफिकेट हवं असेल, म्हणजे उद्या पुण्या-मुंबईकडं नोकरी बदलायची असेल, तर केंब्रिजच्या बिझनेस इंग्लिशच्या परीक्षा आहेत, प्रिलिमिनरी, व्हँटेज आणि हायर अशा तीन पायऱ्यांच्या. सध्याच्या खुर्चीला त्याची गरज नाही.

पहिला सराव मीच देतो. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत तुमचं युनिट बंद राहील. दर वर्षी ऑफिसांतून मेल जाते, 'ड्यू टु लोकल फेस्टिव्हल लेबर इज ऑन लीव्ह, काइंडली अ‍ॅडजस्ट', आणि बायरला काही उमगत नाही. ती आजच लिहून ड्राफ्टमध्ये ठेवा. बंदची पहिली आणि शेवटची तारीख, पुढं 'बोथ डेज इन्क्लुसिव्ह', कोणती ऑर्डर त्यामुळं किती दिवसांनी पुढं जाते, आणि त्या काळात फोन कोण उचलणार. चार ओळी. यात्रेचं वर्णन करायचा मोह होईल, नंदीध्वज वगैरे. ते पाचव्या ओळीत घातलंत तरी माझी हरकत नाही.